न दिलेलं मत

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी भांडावंसं कधी वाटलं नाही. आता वाटतंय, म्हणून लिहायला बसलेय.

चिकपेटच्या मागच्या गल्लीतली तुमची कामाची खोली अजून डोळ्यांपुढे आहे. नाटक कंपनीचा पडदा फरशीभर अंथरलेला, आणि तुम्ही अनवाणी पायांनी त्याच्यावरून फिरत राजवाडा रंगवताय. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं तुमच्या हातचं. निवडणुका आल्या की तुम्ही भिंती रंगवायचात, झाडून सगळ्या पक्षांची चिन्हं. मतदानाच्या दिवशी अम्मा ठेवणीतली साडी नेसून दारात उभी राहायची, "चला की हो, गर्दी व्हायच्या आत," आणि तुम्ही हात पुसत निघायचात. मग ते ऑफिसचं झालं. वयस्कर कलावंतांना सरकार मासाशन, म्हणजे दरमहा पेन्शन, देतं असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि तुम्ही अर्ज घेऊन निघालात. मी पंधरा वर्षांची होते, पडद्यांचे फोटो सांभाळायला तुमच्याबरोबर आले. संस्कृती खात्यातल्या माणसानं दोनच फोटो बघितले आणि म्हणाला, "ही कला नव्हे, हे पेंटरचं काम. कामगार खात्यात जा." कामगार खात्यातली बाई हसली. "नाटकाचे पडदे? मग तुम्ही कलावंत. इथं कशाला आलात?" घरी आल्यावर स्वच्छ असलेले ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये धूत बसलात. पुढच्या निवडणुकीला अम्मा दारात उभी राहिली, तर म्हणालात, "तू जाऊन ये. मी कोण आहे ते त्यांचं आधी ठरू दे."

त्यानंतर तुम्ही एकदाही गेला नाहीत. मी पहिलं मत देऊन आले, बोट पुढं करून तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही पडद्यावरून मान वर केली. "एवढीशी शाई दाखवायला धावत आलीस? ह्यानं तुला कुणी ओळखणार नाही, पोरी." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अम्मानं काही न विचारता कॉफीचा लोटा पुढं सरकवला. माझे वडील भित्रे आहेत असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

मी आता नाचाचे पोशाख शिवते. अरंगेत्रमचे, शाळांच्या गॅदरिंगचे, नाटकांचे. आपल्या भागातलं ते छोटं रंगमंदिर, जिथं तुमचा जंगलाचा पडदा कितीतरी वर्षं टांगलेला होता, ते पाडून बहुमजली पार्किंग करायचं ठरलंय असं कळलं, तेव्हा आम्ही पंधरावीस जण त्याच्या पायऱ्यांवर जमलो. तुमच्या वेळचे लाइटवाले मामा होते, डोळू, म्हणजे गळ्यातला मोठा ढोल, वाजवणारे होते, मेकअपवाले होते. मारतहळ्ळीला राहणारी, कंपनीत नोकरी करून शनिवार-रविवार नाटक करणारी एक पुण्याची मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, नुसती निवेदनं देऊन काही होत नाही. आपली वोट बँक कुठंय? आधी लिस्ट बनवूया." विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. लिस्ट केली तेव्हा कळलं, निम्म्यांची नावं मतदारयादीत नाहीतच. कुणाचं नाव अजून रायचूरकडच्या गावात, कुणाला घरमालक पत्त्याचा कागद द्यायला तयार नाही. सकाळी शिवण बाजूला ठेवून मी एकेकाला घेऊन फॉर्म भरत हिंडले. घरमालकांशी कन्नडमध्ये भांडले, हात जोडले. लाइटवाल्या मामांची सही थरथरायची, म्हणून तीनदा फॉर्म भरला.

मग आमच्या भागातल्या एका उमेदवारालाच रंगमंदिराच्या स्टेजवर आणलं. तो माइक हातात घेऊन म्हणाला, "ह्या वास्तूची एक वीट हलू देणार नाही." डोळूवाल्यांनी असा ठेका धरला की छताची धूळ पडली. जाताना त्यानं आमची यादी मागितली, नावं आणि फोन नंबर. मी आनंदानं दिली. मतदानाच्या दिवशी आम्ही रिक्षा करून सगळ्यांना नेलं. तो निवडून आला. मामा म्हणाले, "बघ, आपण आणला." आणि अण्णा, मला वाटलं, आता कुणीतरी ओळखेल.

वर्ष पुरं व्हायच्या आत जेसीबी आला. आम्ही धावत त्याच्या ऑफिसात गेलो. तो भेटला नाही. त्याचा माणूस आमच्याशी फार गोड बोलला. "अक्का, रागावू नका. समोरच्या अपार्टमेंटवाल्यांना पार्किंग हवंय. त्यांची मतं बघा, तुमची बघा. स्वल्प समजून घ्या." त्याच्या टेबलावर आमची यादी होती. माझ्याच अक्षरातली.

पार्किंगच्या भूमिपूजनाला डोळू वाजत होते. मी रस्त्यापलीकडे उभी राहून ऐकत होते. नंतर त्यातल्या एकाला अडवून विचारलं, "तुम्ही कसे गेलात?" त्याला प्रश्नच कळला नाही. "का अक्का? तुमच्या यादीतूनच त्यांना आमचा नंबर मिळाला. चांगलंच झालं की. लग्नाचा सीझन संपला होता." त्याच समारंभात नाचलेल्या मुलींचे पोशाख मी शिवले होते. डान्स टीचरनं कार्यक्रम कसला ते सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. काम आलं होतं, घेतलं.

म्हणजे तुमचंच खरं ठरलं, आणि त्याचाच मला राग आहे. तुम्ही खोलीत बसून जे म्हणालात ते मला सगळं शहर हिंडून कळलं. पण तुम्ही बसून राहिलात म्हणूनही आमची मतं कमी पडली, अण्णा. तुमच्यासारखे किती पडदेवाले, पेटीवाले घरी बसले असतील. त्यांची मुलंही मग घरीच बसली. हे तुम्हाला कुणी म्हटलं नाही. अम्मानं म्हणायला हवं होतं, ती साडी नेसून एकटीच जात राहिली.

काल त्या पुण्याच्या मुलीचा फोन आला. महापालिकेच्या निवडणुका होणार म्हणतायत, पुन्हा मीटिंग घेऊया का. मी सरी म्हटलं, बरं म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. लाइटवाले मामाही येणार आहेत. ते मला म्हणाले, "तू बापाचं ते सांगतेस ना, ते सांग. लोक गप्प होऊन ऐकतात." ते हे म्हणाले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

कारण अण्णा, प्रत्येक मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगते, की माझे वडील पडदे रंगवायचे, त्यांना कुणी कलावंत मानलं नाही, तरी मरेपर्यंत त्यांनी एकही मतदान चुकवलं नाही, रंगलेल्या हातांनी रांगेत उभे राहायचे. मामा तुम्हाला चाळीस वर्षं ओळखत होते. ते समोर बसून ऐकतात आणि मान हलवतात. ह्या वेळीही मी तेच सांगणार आहे.