पाच नाण्यांचा योग्य भाव

३ फेब्रुवारी
आजपासून नाण्यांचं काम माझ्याकडे. वडिलांनी ताईला दिलेली सोन्याची पाच नाणी, लहानापासून मोठ्यापर्यंत, मखमली डबीत ओळीनं बसवलेली. ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकदमच उरकून घ्या. नाणी चांगल्या भावात गेली तर दोन्हींचा खर्च बसतो.
ताई स्वतःच विकायला निघाली होती. मी म्हटलं, तीन जिने उतरणार कशी? शिवाय ती बँकेत कॅशियर होती. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. व्यवहार ही वेगळी गोष्ट आहे.
निश्चय: आठवड्याभरात विषय संपवायचा.

८ फेब्रुवारी
नाणेवाल्याकडे गेलो. जुनी नाणी घेणं-विकणं हाच त्याचा धंदा. गळ्यात भिंग. एकेक नाणं कडेला धरून दिव्याखाली पाहिलं. म्हणाला, संच पूर्ण आहे, डबीही मूळची, त्यामुळे सोन्याच्या भावापेक्षा बरंच जास्त देतो. आकडा सांगितला. दोन्ही गुडघे होऊन वर थोडे उरले असते.
पहिल्याच फटक्यात इतके देतोय, म्हणजे खरा भाव याहून जास्त, हे मी ताबडतोब ओळखलं. विचार करतो म्हणालो. चेहरा हलू दिला नाही. तो म्हणाला, जरूर करा, चहा घ्या. घेतला नाही. मिंधेपणा येतो.
ताई म्हणाली, अरे बाळ, मग देऊन का नाही आलास? अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणाऱ्यांना व्यवहार काय समजावणार!

१२ फेब्रुवारी
इंटरनेटवर असाच संच सापडला. किंमत तिप्पट! हिला दाखवलं. ही म्हणाली, एवढे मिळालेत की नुसते मागितलेत? बायकोला बारकावे कळत नाहीत.

२१ फेब्रुवारी, दुपार
सराफाकडे चौकशी. त्यानं नाणं सरळ तराजूत टाकलं. म्हणाला, काका, आम्ही वितळवणारी माणसं, आम्हाला नाण्यावरचं चित्र दिसत नाही. उठून आलो. प्रामाणिक माणूस. पण उपयोग शून्य.
सकाळी ताईला रक्त तपासायला नेलं. प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत उतरली. मी पिशवी धरली होती. वर येताना कठडा धरून एकेक पायरी चढली. चांगल्या गोष्टींना वेळ लागतो, असं मी तिला म्हटलं.

५ मार्च
आज खरी बुद्धी वापरली. शितावरून भाताची परीक्षा! सगळ्यात लहान नाणं एकटंच विकून बाजार अजमावायचा. नाण्यांच्या प्रदर्शनात एक हौशी संग्राहक भेटले, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सुसंस्कृत. मी मागितले तेवढे दिले. घासाघीस नाही. दोनदा हात मिळवला आणि लगबगीनं गेले.
एवढ्याशा नाण्याला एवढे, तर मोठ्यांना किती! ताईला त्यातून काठी आणली. तिनं डबी उघडून पाहिली. हिला म्हणाली, बघ गं, दात पडल्यासारखं दिसतंय.
मला विचारायचं होतंस, असंही म्हणाली. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नव्हतं.

९ मार्च
पुन्हा नाणेवाला. डबी उघडली, मिटली, गळ्यातलं भिंग काढून ठेवलं. म्हणाला, संच मोडलात. आता वजनाचा भाव, वर थोडं काहीतरी. मी म्हटलं, पाचातलं एक गेलं तर किंमत एक पंचमांश कमी व्हावी, हे शाळेतलं गणित आहे. तो म्हणाला, काका, एक पान हरवलेला पत्त्यांचा जोड कोण घेतं?
आज चहा घेतला. साखर जास्त होती.

१४ मार्च
संग्राहकांना फोन केला. नाणं परत द्या म्हटलं, वर थोडे जास्त देतो. खूप हसले. हेच एक त्यांच्याकडे कमी होतं. अनेक वर्षं शोधत होते. त्यांचा संच पूर्ण झाला, बायकोनं पेढ्यांऐवजी केक आणला म्हणे. मनापासून आभार मानत होते. मीही अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

२० मार्च
ताई हल्ली खाली उतरतच नाही. म्हणजे दुखणं थोडं कमी असावं. घाई नको. सोनं वर जाईल.

२७ मार्च
सोनं खाली गेलं.
ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पोळ्या मात्र वेळेवर वाढल्या. त्याच मनाला जास्त लागल्या.

२ एप्रिल, संध्याकाळ
चारही विकली. नाणेवाल्यानं डबीचे वेगळे दिले. मी मागितले नव्हते.
येताना जिन्यात थांबून स्पष्टीकरण तयार केलं. जागतिक बाजार, मंदी वगैरे. ताईनं पाकीट हातात घेतलं. मोजलं नाही, नुसतं तोलल्यासारखं केलं आणि म्हणाली, एका गुडघ्याचे झाले.
स्पष्टीकरण विचारलंच नाही कोणी.
मग तीच म्हणाली, बरं बाळ, कुठला आधी करूया? मला वाटलं, टोमणा असेल. नव्हता. खरंच विचारत होती. मोठ्या बहिणीनं आपला सल्ला विचारावा, याला भाग्य लागतं. मी नीट विचार करून सांगितलं, जो जास्त दुखतो तो आधी. म्हणजे डावा.
ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, त्यांचा उजवा दुखतो. दोन वर्षं झाली.
ताई म्हणाली, असू दे गं, त्याला कुठे ठाऊक असणार.
उजवा. उद्या डॉक्टरांकडे मीच सोबत जाणार आहे. लिहून ठेवलं.