सिगीनच्या हातातलं भांडं

दारव्हा, ४ नोव्हेंबर २०२४

चि. स्वानंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते. लेकीचं नाव 'सिगीन'? उत्तरेकडच्या थंड देशांच्या जुन्या पुराणातली देवी म्हणे! आपल्याकडची नावं संपली काय रे? बारशाला कानात 'कुर्र' करून नाव आत्याने सांगायचं, म्हणजे मी! चांदीच्या वाटीवर कोरायला गेले, तर सोनार म्हणाला, ताई, हे कोणत्या गोळीचं नाव व्हय? वाटी तशीच घेऊन परत आले.

अर्थ कळल्याशिवाय मी बारशाला येणार नाही. मितालीला बाळंतपणाचे डिंकाचे लाडू पाठवलेत.

डोकं उठलेली, तरी तुझीच,
सुहासिनीताई

पुणे, १० नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सिगीन या नावाचा अर्थ 'विजयाची सखी'. तिच्या नवऱ्याला देवांनी शिक्षा म्हणून खडकाला बांधलं आणि वर साप टांगला. विष त्याच्या तोंडावर पडू नये म्हणून ती भांडं धरून बसते. भरलेलं भांडं ओतायला उठली की थेंब पडतो, नवरा तळमळतो आणि धरणीकंप होतो.

नाव मितालीने इंटरनेटवर शोधलं, पण गोष्ट वाचताना मला तूच दिसलीस. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तूच त्यांच्या उशाशी होतीस. तू नाही आलीस तर बारसं होणार नाही.

राग ओसरला की लोभ तेवढा ठेव.
स्वानंद

दारव्हा, १६ नोव्हेंबर

चि. स्वानंद यास आशीर्वाद.

पत्र वाचून रडले आणि मग आणखीच तापले. ती बिचारी ओतायला उठते तेव्हा भांडं धरायला दुसरं कोणीच नसतं? देवांच्या एवढ्या गोतावळ्यात एकालाही सवड नाही? मी औषधं आणायला जायचे तेव्हा बाबांपाशी शेजारच्या काकू बसायच्या. तू दिवाळीला यायचास, ताई किती करते म्हणायचास आणि परत जायचास. कौतुक नको होतं रे मला, सुट्टी हवी होती.

शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने निघते. नाव तेच ठेवू, अर्थ चांगला आहे. सोनारालाही सांगितलं, गोळी नाही, भाची आहे माझी, कोर मुकाट्याने. पण कानात नाव सांगून झालं की मी आणखी एक वाक्य सांगणार आहे, तुलाही ऐकू जाईल असं: बाई गं, भांडं भरलं की बापाच्या हातात दे.

माया आहेच, वेगळी काय लिहू.
ताई