इंजनाचं चाक आणि मामा

आबा,

मामा लबाड नव्हता, असं आज मला एका गॅरेजवाल्याच्या बोलण्यावरून वाटायला लागलंय. तुम्ही असता तर आधी त्या गॅरेजवाल्याचीच चौकशी केली असती. म्हणून आधीच सांगते, मी केली. नातवाने एक जुनी जीप घेतली आहे आणि तिच्या इंजनाचं ते जड चाक, फ्लायव्हील, लेथवर घासून हलकं करायचं त्याच्या डोक्यात बसलंय. हलकं चाक असलं की इंजन चटकन उचल घेतं म्हणे. आपलंच लोखंड काढायचं आणि वर आपल्याकडूनच मजुरी घ्यायची, हे काही मला सरळ दिसेना. म्हणून गुडघे दुखत असतानाही मी त्याच्याबरोबर गेले आणि गॅरेजात खुर्ची टाकून बसले. बसल्यावर ध्यानात आलं की मजुरीचं हे वाक्य माझं नाहीच, तुमचं आहे.

तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य. तुमची आणि मामाची भागीत मोटर होती. बीडहून निघायची, पालीवरून मांजरसुंब्याचा घाट चढून पलीकडच्या गावांना उतारू न्यायची. त्याच वाटेवर दुसऱ्याची एक मोटर आली आणि आपले उतारू तिकडे वळायला लागले. मला तो दिवस नीट आठवतो, कारण मी चुलीपाशी भाकरी थापत होते, आई वाढत होती आणि मामा दारातच पाट ओढून जेवायला बसला होता. तो म्हणाला, "दाजी, इंजनाचं चाक हलकं करून आनू. मोटर कशी सुटती बघा मग. त्येच्या आधी आपुन उतारूपाशी." तुम्ही विचारलंत, "तुला कोन सांगितलं?" "करतेत की समदे." "समदे म्हंजे कोन?" आई म्हणाली, "जेवू तर द्या त्याला." माझं लग्न ठरलं होतं. मामाने माझ्याकडे बघून हसत म्हटलं, "हिच्या लग्नाचं वऱ्हाड ह्याच मोटरीतून न्यायचं, आन अंतरपाटाला मी मागं हुबा." तुम्ही हसला नाहीत. त्याला तुमच्याकडून काय काढायचं आहे, याचाच तुम्ही विचार करत होता.

तरीही चाक घेऊन गेलात, कारण उतारू कमी झाले होते हे खरंच होतं. लेथ नगरला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. मामाला बरोबर नेलं नाही, तो लेथवाल्याशी संधान बांधील म्हणून. लेथवाला लोखंड लांबवील म्हणून दिवसभर त्याच्या शेजारीच बसलात आणि खाली पडलेला सगळा कीस उपरण्यात बांधून घेतलात. परत येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडवलं. जाताना तोललेलं चाक येताना हलकं कसं, हे तेच चाक कशावरून? तुम्ही उपरणं सोडून कीस तराजूत ओतलात आणि वजन जुळलं. हे तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगितलंत. सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा की आम्ही पुन्हापुन्हा ऐकत होतो.

मग कपिलधारची यात्रा आली. मोटर माणसांनी भरलेली, टपावर बोचकी. सपाटीवर ती खरंच पळाली. पण घाट लागला आणि वेग मंदावला की इंजन गचके देऊन बंद पडतंय, पुन्हा हँडल मारायचं, हातभर पुढे, पुन्हा बंद. एका वळणावर मोटर मागे सरकायला लागली. बायका ओरडतायत, लोक उड्या मारतायत, कुणीतरी चाकाखाली धोंडा सारला. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या संध्याकाळी तुम्ही मामाला अंगणातच थांबवलंत. "त्या मोटरवाल्यानं तुला किती दिले, बोल." मामा म्हणाला, "दाजी, मोटर माजी बी हाय. मी माज्याच पायावर धोंडा कावून मारून घीन?" "पालीला त्येच्या डायवरासंगं च्या पीत हुता का न्हाई?" "पेलो. च्या पेलो म्हनून काय झालं?" आई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "माजा भाऊ तसला न्हाई." तुम्ही म्हणालात, "तुजा भाऊ हाय म्हनूनच घरात घेतला हुता."

माझ्या लग्नात मामा आला नाही. तुम्ही येऊ दिलं नाहीत. अंतरपाटाला माझ्यामागे लिंबागणेशचा कुणी लांबचा नातलग उभा केलात, त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. आईने त्यानंतर भाऊबीजेला कधी ताट केलं नाही. मला तुमचा फार राग आला होता, आबा. तो गेला असं मी सगळ्यांना सांगते.

आता आजचं. नातवाने चाकाचं नाव काढताच गॅरेजवाल्याने हातातलं काम न थांबवता विचारलं, "गाडी कुठं चालवनार?" मी विचारलं, तुला काय करायचंय? तो म्हणाला, "आजी, सपाटीला हलकं चाक चालतंय. पन घाटात वझं घिऊन हळू चढायचं तर जडच पायजे, न्हाईतर इंजन दम सोडतं. लेथवाला आदी ह्येच इचारतो." मी घरी येईपर्यंत तेच एक वाक्य घोळवत होते. आधी हेच विचारतो. मग नगरच्या लेथवाल्यानेही विचारलं असेल. आणि तिथे मामा नव्हता, आबा. तुम्ही होता.

काय सांगितलंत त्याला? लिंबागणेशला निघालात तर शेजाऱ्याला पाली सांगणारे तुम्ही. आपला धंदा परक्याला कळू नये म्हणून घाटाचं नाव घेतलं नसणार, सपाटीची वाट सांगितली असणार. मला तर हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसतं. कधी त्याहून वाईटही मनात येतं, की तुम्हाला सगळं कळलं होतं आणि भागी मोडायला निमित्त हवं होतं. पण ते मी फार वेळ मनात ठेवत नाही. गॅरेजवाला बरळला असेल, असंही म्हणून पाहिलं. म्हणून रस्त्यात आणखी एकाला विचारलं. तोही तेच म्हणाला.

मामा केव्हाच गेला. त्याचा मुलगा केजकडे असतो. आपला बाप बेइमान होता, हेच ऐकत तोही म्हातारा झाला. तो विचारील, एवढ्या वर्षांनी कावून आलात, काय पायजे? विचारूच दे. त्याच्यासमोर बसून मला एवढंच सांगायचंय की तुझ्या बापाने काही केलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. उद्या सकाळी मी केजला निघते आहे. घरात मात्र सांगितलंय, कपिलधारला दर्शनाला जाते.