मूल धडधाकट सोपवणे

१२ मे, मंगळवार

ठरलं. छकुली नऊ जूनला जाणार.

सकाळी कैलास आणि अनिता आले. हॉटेलवाल्यांचा रविवार मंगळवारी असतो, त्यामुळे पोरीला आईबाप भेटतात ते मंगळवारीच. चहा व्हायच्या आत सांगून टाकलं — डोंगरावरची निवासी शाळा, घोडे, पोहण्याचा तलाव, सगळं. मुलाखतीची तयारी मीच करून घेतली होती. इंग्रजी कविता, हात मागे घेऊन उभं राहणं, विचारल्याशिवाय न बसणं. इतकं चोख शिकवलं की शाळेने लगेच घेतली.

मी म्हटलं, "छान झालं." दुसरं काय म्हणणार? त्याचसाठी तर मला खंडाळ्याच्या या बंगल्यात आणून ठेवलं आहे. काम झालं की बाई निघाली. कुठे निघाली, हे कोणी विचारलं नाही. पुण्यातली जागा पुतण्याने कधीच रंग काढून भाड्याने दिली.

दुपारी जेवण गेलं नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

१३ मे

छकुलीला मीच सांगावं, असं अनिताचं म्हणणं. "तुमचं ती ऐकते, मॅडम." ऐकते खरी. अडीच वर्षं त्याचाच तोरा मिरवला मी.

१५ मे

सांगितलं. मागच्या पायरीवर करवंदं निवडत बसलो होतो.

"मावशी, तू येणार?"

"नाही गं."

"मग मी कुणापाशी झोपू?"

तिथे पुष्कळ मुली असतात, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, गोष्ट सांग. आणि मला नेमकी तीच गोष्ट आठवावी! आयुष्यभर फ्रेंच शिकवलं, डोक्यात तेच भरलेलं.

फ्रान्सच्या दरबारात राजाची मुलं सरदारघराण्यातल्या बायकांच्या ताब्यात असत. शपथ घ्यायची, मुलाजवळ झोपायचं, त्याला चालायला-बोलायला, मान कुठे किती झुकवायची ते शिकवायचं. मादाम द व्हांतादूर त्यातलीच. दोन वर्षांचा राजपुत्र सांभाळायला होती. राजवाड्यात गोवर आला, आईबाप गेले, मोठा भाऊ गेला — भावाचं तर वैद्यांनी रक्त काढलं होतं. हिने धाकट्याला उराशी धरलं आणि वैद्यांना हात लावू दिला नाही. मुलगा जगला, पुढे राजा झाला. तिला आईच म्हणायचा. पण रीत अशी, की मुलगा सात वर्षांचा झाला की पुरुषांच्या हवाली करायचा. त्याआधी वैद्य त्याचे कपडे उतरवून नखशिखान्त तपासणार. मूल धडधाकट सोपवलं, असं ठरलं की बाई मोकळी.

"तो रडला?"

"खूप. जेवेचना."

"मुलींना पण द्यायचे?"

"नाही. मुली राहायच्या बाईपाशीच."

जरा विचार करून म्हणाली, "आणि राजाचा पाय मोडका असता तर?"

"तर कसा सोपवणार?"

"मग तो तिच्यापाशीच राहिला असता?"

"राहिला असता बहुतेक," म्हणाले मी. काय गरज होती म्हणायची?

१८ मे

छकुली लंगडते आहे.

कालपासून. डावा पाय. "गुडघा दुखतो" म्हणते. मी गुडघा चारी बाजूंनी दाबून पाहिला. सूज नाही, खरचटलेलं नाही. दाबला तर गुदगुल्या होतात म्हणून हसली. मला जे समजायचं ते समजलं. गोष्ट सांगून तीन दिवस झालेत फक्त.

घरात मात्र धांदल. नंदाबाई, तिची आजी, मीठ-मिरच्या घेऊन आल्या. "बाई, शाळंचं ठरलं आन् पोरीचा पाय धरला. कुनाची तरी नजर हाय ही." आबा, म्हणजे आजोबा, गाडी काढायला निघालेले. "लोनावळ्याला जाऊन फोटू काढू पायाचा. हितं बसून काय कळतंय?"

मीच म्हटलं, "नको आबा, खेळताना लचकला असेल. दोन दिवस बघू."

आबांनी चावी खिशात टाकली. माझ्या शब्दापुढे ते जात नाहीत. कुसगावची जमीन रस्त्यालगत होती म्हणून त्यांची हॉटेलं झाली, पण सासरच्या माझ्या सरदारी आडनावाचा त्यांना अजून धाक आहे. नोकरीही त्यावरच मिळाली. पाहुण्यांना ओळख करून देतात — "ह्या आमच्या छकुलीच्या बाईसाहेब. लय मोटं घरानं." मोठ्या घराण्याची बाई त्यांच्या माडीवरच्या खोलीत दोन ट्रंका घेऊन राहते, ते सांगत नाहीत. भला माणूस.

१९ मे

कैलास-अनिता आले नाहीत. सुट्ट्यांची गर्दी, हॉटेल भरलेलं. बरं झालं.

२१ मे

आज गच्चीवर माकडं आली आणि छकुली त्यांच्यामागे हातात पायपुसणं घेऊन धावली. धावली! मी जिन्यातून पाहत होते. दोन्ही पाय ठणठणीत. आणि तासाभराने जेवायला आली ती पुन्हा लंगडत.

म्हणजे शंकाच नको. राजाचा पाय मोडका करून दाखवायचा बेत आहे.

मला आनंद झाला. लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय. या पोरीला मी इतकी हवी आहे, याचा आनंद झाला. शिवाय दोन तारखेला शाळेच्या दाखल्यासाठी डॉक्टर तपासणार. लंगडी दिसली तर हे वर्ष टळेल. मग मीही राहीन.

२३ मे

फोन वाजला तरी दचकते.

नंदाबाईंनी एकवीरेला नवस बोलला. पोर नीट चालायला लागली तर कार्ल्याच्या सगळ्या पायऱ्या अनवाणी चढून जाणार. त्यांचे स्वतःचे गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांना कुरकुरतात. मी म्हटलं, "एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "मंग दुसरं काय हाय माज्या हातात?"

मला सगळं माहीत आहे आणि मी तोंड शिवून बसले आहे. ही म्हातारी उन्हात डोंगर चढणार, ते एका नाटकापायी.

२६ मे, मंगळवार

कैलासने पाहिलं. आधी चिडला, मग घाबरला. "आबा, एवढे दिवस काय करत होतात तुम्ही?" मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे नेतो म्हणाला. अनिता रडायला लागली. शेवटी कैलासच म्हणाला, "जाऊ दे, शाळा एक वर्ष पुढे ढकलू."

झालं माझ्या मनासारखं. पण त्याच क्षणी छकुलीने माझ्याकडे पाहिलं. बापाकडे नाही, आईकडे नाही. कविता बिनचूक म्हटल्यावर शाबासकीसाठी पाहते, तसं.

लबाडी शिकवली मी तिला. स्वतःच्या थाऱ्यासाठी एवढ्याशा पोरीला खोटं वागू देते आहे. मी कैलासला म्हटलं, "घाई करू नका. मला दोन दिवस द्या. मी बोलते तिच्याशी."

२७ मे

बोलले. जांभळाखाली नेलं, कोणी ऐकायला नको म्हणून.

"छकुली, नाटक करतेस ना?"

पडलेलं एक जांभूळ उचलून तिने फ्रॉकला पुसलं. मग, "तू रागावशील?"

"मुळीच नाही."

"मग हो."

"पाय दुखत नाही ना?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मी जवळ घेतलं. म्हटलं, मलाही तुला सोडवत नाही, पण असं राहायचं नाही आपण. चांगल्या घरच्या मुली चारचौघांत तोंड वाकडं करत नाहीत. मान वर, खांदे मागे, पाय सरळ. "माझ्यासाठी चालशील?"

"किती दिवस?"

"आता नेहमीच."

फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चालून दाखवलं. ओठ घट्ट मिटलेले, पण एक पाऊल वाकडं नाही. मी टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

२८ मे

दिवसभर अजिबात लंगडली नाही. कैलासला फोन करून कळवलं.

३१ मे

गप्प गप्प असते. जेवत नाही नीट. तो छोटा राजाही जेवत नव्हता. वियोग मुलांना आधीच कळतो.

संध्याकाळी जिन्यापाशी हात वर करून उभी राहिली — घे म्हणून. मी म्हटलं, "सात वर्षांच्या मुली कडेवर बसतात का?" चढली कठडा धरून.

मी कठोर वागते आहे का? घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिथे कोण घेणार आहे तिला. सवय मोडायलाच हवी.

२ जून, मंगळवार

तपासणी झाली. लोणावळ्यातले घरचेच डॉक्टर, कैलासच्या ओळखीचे. वजन, दात, कान, छाती. मग म्हणाले, "चालून दाखव बघू मला."

मी दाराशी उभी होते. हात पदरात गुंडाळून घेतले होते. छकुली खिडकीपासून दारापर्यंत आली. मान वर, खांदे मागे. सगळा वेळ डोळे माझ्यावर.

"फर्स्टक्लास! लंगडत होती म्हणे मध्ये?"

कैलासने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुलांचं चालतं हो असं."

शिक्का बसला. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. तिचा आणि माझाही.

५ जून

नवस फेडायला कार्ल्याला गेलो सगळे. नंदाबाई अनवाणी, दर दहा पायऱ्यांना बसत होत्या. आबा छकुलीला म्हणाले, "ये, खांद्यावर घेतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणाली. सगळ्या पायऱ्या चढली माझं बोट धरून. मध्येच थांबायची. खालची भाताची खाचरं बघते म्हणायची.

बोटावर तिच्या नखांचे वळ उठलेत.

९ जून, मंगळवार

सोपवली.

रडली नाही. मोठ्ठा लांब व्हरांडा होता, त्यातून वॉर्डनबाईंच्या शेजारून सरळ चालत गेली. मागे वळून पाहिलं नाही. वॉर्डनबाई म्हणाल्या, "इतकी शिस्तीची मुलगी क्वचित येते."

गाडीत मीच रडले. आबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "राजाची लेक वाटावी अशी घडवली तुमी, बाईसाहेब."

१३ जून

कुसगावात एक खोली पाहिली. मोरी आतच आहे. एक ट्रंक भरली. नंदाबाई म्हणाल्या, "ऱ्हावा की दिवाळीपतूर." कोणाच्या नावाने राहू? तिच्या खोलीत जायचा धीर होत नाही.

१७ जून

शाळेतून फोन आला होता कैलासला. छकुली मैदानावर पडली, ती उठेचना. एक्स-रे काढला. डाव्या खुब्याचं हाड खचत चाललंय, कित्येक आठवड्यांपासून. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं, आणि ते मधूनमधून थांबतंही. लंगडायला लागली तेव्हाच आणायला हवी होती. त्यावर चालवायलाच नको होतं. आता कित्येक महिने पाय टेकवायचा नाही.

कैलास शाळेतूनच फोनवर बोलत होता. "मॅडम, मी विचारलं तिला, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस. तर म्हणते, मावशीला आवडतं म्हणून सरळ चालत होते."

मग कैलास म्हणाला, "घरी आणतोय तिला. तुमच्याशिवाय कोणाचं नाव घेत नाही. तुम्ही राहाल ना?"

राहते म्हणाले.