खोल्या रिकाम्या करताना

२ फेब्रुवारी

एजंटनं फोटो परत पाठवले. घर दिसतच नाही म्हणे, नुसतं सामान दिसतं.

बरोबर आहे. दुसऱ्या कुणी असे काढले असते तर मीच नाकारले असते. पोटासाठी हेच तर करते – लोकांच्या बैठका, ऑफिसं, हॉटेलांचे जिने. इथं मात्र दारात उभी राहून नुसती बटण दाबत सुटले.

दादाचा फोन. बाबांचं डोकं आता चालत नाही, चहा कपाबाहेर ओततात. आई होती तोवर निभावलं. आता घर विकायचं आणि त्यांनी त्याच्याकडं जायचं. बाबांचं एकच – मला काही झालेलं नाही, मी इथून हलणार नाही. शेवटी दोघांनी माझ्यावर सोडलंय. इथं राहायचं, फोटो काढायचे, बाबांकडं लक्ष ठेवायचं. मी म्हणेन ते दोघं ऐकणार.

मला काहीच म्हणायचं नाही.

३ फेब्रुवारी

फोटो मोठे करून पाहिले. आधी कडा बघायच्या, मध्य नंतर – शिकाऊ लोकांना मीच सांगते. कडांना सगळी गर्दी. बोळाच्या वळणावर स्टूल. बाथरूमसमोर काथ्याचं पायपुसणं, चांगलं बोटभर जाड. स्वयंपाकघराच्या कडीला लोकरीची पिशवी, आत काही नाही. नजर टेकायला जागा नाही.

आई इतकी नीटनेटकी. शेवटी तिनंही हात टेकले असावेत.

४ फेब्रुवारी

सगळं खोक्यांत भरलं. वायरी कपाटामागं. मागची दारं लावून घेतली, म्हणजे एका खोलीत दुसरी डोकावणार नाही. बैठकीत एक खुर्ची ठेवली. एका फोटोत एकच वस्तू.

आईचा चष्मा सापडला. पुसला, खोक्यात घातला. पुढचं खोकं घेतलं.

बाबा खिडकीशी बसून आवाज ऐकत होते. म्हणाले, "मलाही घाल एखाद्यात. भोकं तेवढी ठेव."

मी हसले. हसायला हवं होतं म्हणून.

५ फेब्रुवारी

उजेड चांगला. दिवे बंद केले, कॅमेरा छातीच्या उंचीला लावला, भिंती सरळ उभ्या राहिल्या. बोळ पहिल्यांदाच लांब दिसला, टोकाला उन्हाची पट्टी. खरोखर चांगला फोटो!

बाबा खिडकीसमोरून हलेनात. त्यांच्यामुळं सगळी खोली काळी येत होती. उठा म्हटलं, तर म्हणाले, इथं बरं वाटतं. दुपारी हाताला धरून दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं. माझी बोटं सोडेनात. लहान मुलासारखे वागतात, दादा म्हणतो ते हेच असावं.

६ फेब्रुवारी

सकाळी उठले तर बाबा बोळात. भिंतीला टेकून उभे. पायजमा ओला, पायाशी थारोळं.

बाथरूम दोन पावलांवर होतं.

गरम पाणी काढलं, अंघोळ घातली. ते तोंड फिरवून बसले होते. अंग पुसताना म्हणाले, "दादाला सांगू नकोस."

फरशी पुसली. हात चालत होते, बाकी काही नाही.

७ फेब्रुवारी

दादाला सांगितलं.

८ फेब्रुवारी

दादा नि वहिनी येऊन गेले. वहिनींनी फोटो पाहिले, म्हणाल्या, केवढं मोकळं दिसतंय, आपलंच घर वाटत नाही. दादानं बाबांना समजावलं – तिकडं तुमची स्वतंत्र खोली आहे, विसराळूपणावर औषधं आहेत, डॉक्टरांची वेळ घेतलीये. बाबा वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "धाकटी काय म्हणते?"

मी म्हटलं, जा बाबा.

त्यांनी मान हलवली. एजंटला फोटो गेले. रविवारी घर बघायला माणसं येणार आहेत.

९ फेब्रुवारी

दुपारी बाबा म्हणाले, बघू तरी काय काढलंस. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरला, जवळ आणला. "सुरेख. बैठक केवढी मोठी आलीये. उजेड छान धरलास."

फोन बंद होता. बॅटरी संपलेली, सगळा काळा.

त्यांच्याजवळ खाली बसले. विचारलं, कधीपासून दिसत नाही.

त्यांनी फोन चाचपला. बाजूचं बटण दाबून पाहिलं. मग मांडीवर पालथा ठेवला.

"तुझ्या आईला ठाऊक होतं. स्टूल, पायपुसणं, पिशवी – तिनंच ठेवलेलं सगळं, हाताला-पायाला कळावं म्हणून. ती म्हणायची, मुलांना कळू देऊ नका. उचलून नेतील."