आजोबांसमोर उचललेली पोर

दादा, तुमच्यावर माझा राग आहे आणि आता केस पांढरे झाल्यावर तो मी लिहून काढणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय निघाला तर एकच गोष्ट निघते: पोरीनं किडा गिळला म्हणून भर दुपारी अनवाणी लोहा गावच्या हकिमापर्यंत पळालेला माणूस. चुलतभाऊ ती अजून हसत सांगतात. परवा एका लग्नात पुन्हा सांगितली, तेव्हा मी ताटावरून उठले आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "हसू नका. तुमच्यापैकी कुणाचा बाप पळाला होता तुमच्यासाठी?" जिलबी वाढणारासुद्धा थांबला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आपल्या घरात बापानं वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, अशी रीत होती. पोर रडून रडून निळं पडलं तरी बापानं दुसरीकडे बघायचं. उचलायचं ते काकानं, आत्यानं, नाहीतर गड्यानं. तुम्ही तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी गावी यायचात. शेरवानीच्या खिशात खडीसाखर असायची, पण ती तुम्ही आजीच्या हातात द्यायचात आणि आजी आम्हाला वाटायची. मी समोर उभी असले तर माझ्याकडे बघून विचारायचात, "बैलांना पाणी दाखवलं का?" बैलांच्या पाठीवरून मात्र तुमचा हात फिरायचा. आपल्या त्या देवणी बैलांचा मला फार हेवा वाटायचा.

त्या शुक्रवारी शेतात हुरडा होता. हुरडा भाजायच्या आगटीभोवती आजोबा, त्यांचा भाऊ आणि तुम्ही. बायका जरा लांब, कडब्याच्या आडोशाला. मी चार-पाच वर्षांची असेन. मूठभर हुरडा मी तोंडात कोंबला आणि त्यावर कुठूनतरी येऊन बसलेलं काहीतरी जिभेवर वळवळलं. थुंकायच्या आत ते घशात गेलं. मी गळा धरून ओरडते आहे, "किडा गेला! पाय हलवून राहिला!" आजी म्हणाली, "पाणी पाजा, जाईल खाली." पण आजोबांचा भाऊ सहज बोलून गेला, "हिंग्या नसला म्हंजे बरं. कणसावर लई झालेत औंदा." हिंगे म्हणजे कणसावरचे ते किडे, अंगावर चिरडले तर फोड येतात. एवढं ऐकलं आणि माय आडोशातून पळत आली. सासऱ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी माझी माय. तिनं माझ्या तोंडात बोट घातलं, मी तिला चावले, ती रडायला लागली. "अवो, पोटात फोड आले तर? पोरीला घ्या की!" ती सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाली.

तुमचे हात पुढे आले आणि मागे गेले. मी ते पाहिलं, दादा. घसा टोचत होता तरी पाहिलं. तुम्ही काकाला शोधत होता आणि काका बाजाराला गेलेला. मग तुम्ही वाकलात आणि मला खांद्यावर टाकलंत. आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "ठेव खाली. गडी नेईल तिला."

"न्हाई ठेवत," तुम्ही म्हणालात.

वहाणा आगटीपाशीच राहिल्या. ढेकळांतून, काट्यांतून तुम्ही पळत होता आणि मागे माय, डोक्यावरचा पदर पडलेला. लोह्याच्या हकीमसाहेबांनी चमच्यानं माझी जीभ दाबून पाहिली, पोट चाचपलं, कसलासा गोड काढा पाजला आणि हसून म्हणाले, "कुछ नहीं मुंशीजी, हजम हो जाता. बच्ची अच्छी है. तुम बैठो, तुमकू पानी देतूं." तुमच्या टाचेतून रक्त येत होतं.

परतताना वेशीपाशी तुम्ही मला खाली उतरवलंत. "चाल आता," एवढंच म्हणालात. आजोबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं आणि तुम्ही मला पुन्हा कधी उचललं नाही. माझा राग इथे आहे. रीत मोडलीच होती ना, मग ती मोडलेलीच ठेवायची! आजोबा गेले, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, तरी तुमचे हात पाठीमागेच बांधलेले. मी सासरी निघाले तेव्हासुद्धा तुम्ही गाडीच्या बैलांनाच थोपटत होता.

मी मात्र ते चालू दिलं नाही. पहिलं लेकरू झालं तेव्हा नांदेडला बैठकीत सासरे आणि थोरले दीर बसलेले असताना मी सरळ बाहेर गेले आणि पोर नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "घ्या. तुमचंच आहे." आतून सासूबाई ओरडल्या, "काय अवदसा आठवली हिला!" नवरा कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं पोर खाली ठेवलं नाही. गल्लीत मला आगाऊ म्हणत. म्हणोत बापडे. आता माझा नातू बापाच्या मानेवर बसून बाजार हिंडतो आणि ते बघताना मला तुमचा राग जास्तच येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते, आणि त्याची माफी मागणार नाही. लोह्याला जाताना ओढ्यात तुमचा पाय घसरला. मला जोराचा ठसका लागला आणि घशात जे काय होतं ते खाली उतरलं. टोचायचं थांबलं. लोहा अजून बराच लांब होता. तुम्ही धापा टाकत विचारत होता, "दुखून राहिलं का गं? बोल की, माय!" मी तुमची मान आणखी घट्ट धरली आणि म्हणाले, "हाव. लई दुखून राहिलं."