शेवटच्या गाडीला केळीचं पान

वेलचेरी, चेन्नई
गुरुवार

आदरणीय व्यासराजअण्णा यांस,

दत्तोपंताचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन मनानं टेकवली आहेत असं समजावं.) तुमचा मोतीबिंदू निघाला हे ऐकून बरं वाटलं. नाशिकची थंडी सोसते ना? जननीला आशीर्वाद. जन्मभर इंजिनात कॉफी पिऊन जगलेल्या बापाला लेक आता काढा पाजते, हे ऐकून आमची सौ. विद्युलता पोट धरून हसली. इकडे सगळे खुशाल. पावसाचं पाणी यंदा लिफ्टपर्यंत पाहणी करून परत गेलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला जननी हॉलमध्ये तुमचा तो जुना फोटो लावणार आहे. वीजकेंद्रात कोळशाची पहिली गाडी नेलीत त्या दिवशीचा, इंजिनाच्या खिडकीतून मान बाहेर काढलेला. शेजारी शेवटच्या गाडीसाठी एक खिळा रिकामा ठेवलाय. वीजकेंद्र बंद होतंय, तीनच गाड्या उरल्यात, हे कळवलं मीच. आणि एक काय, दहा फोटो पाठवतो असं छाती ठोकून म्हणालो तेही मीच. परवा फोनवर मी सांगितलं, की ढगांमुळे फोटो नीट आला नाही. अण्णा, ढग नव्हते हो. टाळकं भाजेल असं ऊन होतं.

त्या तिनांतल्या पहिल्या गाडीला मी आमचे जावई आशिष यांचा कॅमेरा (पातेल्याएवढा आहे, मान दुखते) गळ्यात अडकवून, बीच स्टेशनला लोकल बदलून आपल्या जुन्या स्टेशनापुढच्या फाटकाशी तासभर आधी जाऊन उभा राहिलो. इंजिन आलं, गेलं. कोळशाच्या वाघिणींमागून वाघिणी गेल्या. मी आपला बटणावर बोट ठेवून निवांत. माझी गाडी यायची होती ना अजून! बावीस वर्षं तुम्ही पुढे इंजिनात आणि मी गार्ड म्हणून पार शेवटच्या डब्यात; माझ्या लेखी तो डबा येतो तेव्हा गाडी येते. तो आला आणि मी खटाखट बारा फोटो काढले. आशिषनी ते घरी नीट पाहिले आणि अदबीनं विचारलं, की बाबा, गाडी कुठाय?

दुसऱ्या गाडीला इंजिनच टिपायचं असं घोकत गेलो, तर लांबूनच एका वाघिणीचं दार सुटून लोंबताना दिसलं. मग कसला फोटो! कॅमेरा पोटावर आपटत स्टेशनात पळालो. तिथं आता लावण्या म्हणून स्टेशन मास्तर आहे, मोठी हुशार मुलगी. तिनं गाडी थांबवली, दार बांधून घेतलं, मला खुर्ची दिली, कॉफी पाजली. माझा असा मान नोकरीत असताना कुणी केला नव्हता. फोटोची आठवण लोकलमध्ये बसल्यावर झाली.

राहिली शेवटची. त्या दिवशी विद्युलता पहारेकरी म्हणून सोबत आली. गाडीला अजून पाऊण तास होता, म्हणून तिनं केळीच्या पानावर दहीभात वाढला. आणि मालगाडी वेळेच्या आधी आली हो! (आपल्या काळात कधी आली होती?) इंजिनाला हार घातलेले, शिट्टी चाललेली, आणि सहायक ड्रायव्हरनं खिडकीतून हिरवा बावटा दाखवला. अण्णा, समोरून बावटा दिसल्यावर मी फोटो काढीन होय? मी ताडकन उभा राहिलो. उलट बावटा दाखवायला हात आपोआप वर गेला, हातात पान, दहीभात शर्टावर. आणि मग पूर्ण गाडी जाईपर्यंत धूर, ठिणगी, गरम चाक काही दिसतंय का ते बघत तसाच उभा. शेवटी गार्डानंही मला बावटा दाखवला. मी पान हलवत राहिलो आणि, खरं सांगतो, ढसाढसा रडलो. कॅमेरा पोटावर तसाच लटकत होता. तुमच्या शेवटच्या गाडीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. माफ करा.

आपला, कायम मागच्या डब्यातला,
दत्तोपंत

ता. क. पाकिटात जो फोटो आहे तो विद्युलतेनं मोबाइलवर काढला. बघून हसू नका. पान हातात धरलेला, छातीवर दहीभात सांडलेला इसम मी आहे. त्यात इंजिन शोधू नका, ते केव्हाच गेलं होतं. मागे दिसतोय तो गार्डाचा डबा.

ता. क. आणखी एक विनंती, पत्र खरं त्यासाठीच. तुमच्या फोटोत इंजिन आहे, तुम्ही आहात. मी नाही, कारण मी पार मागे होतो. जननीला म्हणावं, तो रिकामा खिळा उपट आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ठोक. मधे अठ्ठावन्न वाघिणी आहेत. सोहळ्याला आम्ही दोघं येतोय. तुम्ही तुमच्या टोकाकडून हात दाखवा, मी माझ्या टोकाकडून दाखवीन. पान इथूनच घेऊन येतो.